अजिंठ्याची डागडुजी



जुन्या वस्तूंचा नाश कोण करतो, असा प्रश्न वर्गात विचारला तर मुले झटकन उत्तर देतात, "शत्रू." थोडी मोठी मुले विचार करून म्हणतात, "ऊन, वारा, पाऊस." दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतील. पण अजिंठ्याच्या चित्रांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे आणखी एक नाव त्या यादीत घालावे लागते, आणि ते घालताना जीवावर येते. कारण ते नाव त्या चित्रांवर मनापासून प्रेम करणाऱ्यांचे आहे. कोणी ती स्पष्ट दिसावीत म्हणून, कोणी ती टिकावीत म्हणून, त्यांवर काही ना काही लावले. आणि ते काढता काढता पुढच्या पिढ्यांच्या नाकी नऊ आले. हीच हकीकत आज सांगायची आहे. अजिंठा तुमच्या गावापासून लांब असेल, पण ही हकीकत गावच्या देवळापर्यंत कशी येऊन पोचते ते पुढे दिसेलच.

आधी ती चित्रे काढली कशी, हे समजून घेऊ. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या कड्यात खोदलेली आहेत. लहानमोठी मिळून तीस. त्यांतली काही इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली, आणि बाकीची बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, म्हणजे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेखच आहे. चित्रे बऱ्याच लेण्यांत होती; आज पाहण्यासारखी उरली आहेत ती मुख्यतः पहिल्या, दुसऱ्या, नवव्या, दहाव्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांत.

आता गंमत अशी, की ही जगप्रसिद्ध चित्रे ज्या भिंतीवर आहेत ती भिंत तुमच्या घरातल्या बायाबापड्यांना आमच्यासारख्या पुस्तकी माणसांपेक्षा लवकर कळेल. कारण ती मातीने लिंपलेली भिंत आहे. काळ्या दगडावर छिन्नीचे घाव मुद्दाम खडबडीत ठेवले, म्हणजे माती धरून राहते. त्यावर मातीत भाताचे तूस, गवताचे धागे, बारीक वाळू कालवून जाडसर गिलावा दिला. त्यावर आणखी बारीक मातीचा थर. तो घोटून गुळगुळीत केला आणि वरून चुन्याचा अगदी पातळ हात दिला. या पांढऱ्या पाटीवर गेरूने रेखाटन झाले आणि मग रंग भरले गेले. रंग तरी कोणते? तांबडा आणि पिवळा मातीचा, हिरवाही एका प्रकारच्या हिरव्या मातीचाच, काळा काजळीचा, पांढरा चुन्यासारख्या पांढऱ्या खनिजांचा. एक निळा तेवढा परदेशी. तो लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडाची पूड करून केलेला असे, आणि तो दगड अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येई. पाचव्या शतकात सह्याद्रीच्या एका घळीत बसलेल्या चितारीच्या वाटीत बदक्शानच्या खाणीतला रंग असावा, यावर भूगोलाच्या गुरुजींनी एक तास खुशाल खर्च करावा.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. युरोपातल्या चर्चमधून जी भित्तिचित्रे असतात, त्यांतली पुष्कळशी चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंगवलेली असतात. चुना वाळताना रंग त्याच्या पोटात धरला जातो. अजिंठ्याचे तसे नाही. येथे गिलावा वाळल्यावर, सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग वरून दिला आहे. म्हणजे रंग भिंतीच्या पोटात नाही, पाठीवर आहे. ओल्या बोळ्याने पुसला तर सुटेल असा. या एका फरकाकडे नीट लक्ष न गेल्याने पुढे काय काय झाले ते आता पाहू.

1819 सालच्या एप्रिल महिन्यात मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी या भागात आला आणि त्याला समोरच्या कड्यात दहाव्या लेण्याची कमान दिसली. आपल्या पुस्तकांतून 'स्मिथने अजिंठ्याचा शोध लावला' असे छापलेले असते. आसपासच्या गावकऱ्यांना आणि गुराख्यांना ती जागा ठाऊकच होती, तेव्हा शोध बाहेरच्या जगाला लागला एवढेच म्हणू. स्मिथने आत गेल्यावर काय केले? एका खांबावर, चित्राच्या अंगावरच, आपले नाव, पलटण आणि 28 एप्रिल 1819 ही तारीख कोरली. ती अक्षरे आज उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. तो काही फार उंच नव्हता. लेण्यात त्या वेळी राडारोडा एवढा साचला होता, की तो त्यावर उभा होता. तेव्हापासून नावे कोरणाऱ्यांची रांग लागली, ती थेट आपल्या शाळांच्या सहलींपर्यंत. स्मिथला नावे ठेवायची तर आपल्यालाही ठेवावी लागतील.

बातमी पसरली तसे हौशी लोक येऊ लागले. त्यांतल्या काहींनी चित्रातली मुंडकी खरवडून काढून न्यायचा प्रयत्न केला. मातीचा गिलावा तो, बहुतेक वेळा हातातच चुरा झाला. काही तुकडे मात्र समुद्रापार पोचले. असा एक तुकडा अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. हे चोरांचे काम, ते सोडून देऊ. मला सांगायचे आहे ते सज्जनांचे.

1844 साली कंपनी सरकारने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करण्याचे काम दिले. गिल या मुलखात आला तो कायमचाच. वाघ, ताप आणि एकांत यांत त्याने वर्षानुवर्षे काढली आणि मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत नकला करून विलायतेला पाठविल्या. लंडनजवळच्या काचेच्या महालात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, त्या टांगल्या होत्या. 1866 साली त्या महालाला आग लागली आणि दोनचार सोडून साऱ्या नकला जळाल्या. गिल 1879 साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन हिवाळ्या-उन्हाळ्यात अजिंठ्याला मुक्काम करू लागले. पेस्तनजी बमनजी हे त्यांतलेच एक. हे काम 1885 पर्यंत चालले आणि शेकडो नकला तयार झाल्या. दैव बघा, 1885 सालीच लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. म्हणजे नक्कल दोनदा जळाली, आणि जी अस्सल म्हणून नाशिवंत मानली होती ती मातीची भिंत मात्र उभीच राहिली.

पण या नकला करताना एक घोटाळा झाला होता. दीड हजार वर्षांची धूळ, धूर आणि वटवाघळांची घाण चित्रांवर बसलेली. रेषा दिसायची नाही. शाळेतली दगडी पाटी आठवा. कोरडी असताना ती राखाडी दिसते; ओला हात फिरवला की काळीभोर होते आणि जुनी अक्षरेही उमटून येतात. वाळली की पुन्हा राखाडी. चित्रांचेही तसेच असते. मग चित्र कायमचे ओले दिसावे म्हणून काय करायचे? व्हार्निश लावायचे. ग्रिफिथ्सच्या काळात ते लावले गेले. तत्काळ रंग उजळले, नकलांचे काम सोपे झाले. पुढे त्याच व्हार्निशावर धूळ चिकटली आणि ते पिवळे पडू लागले.

ग्रिफिथ्सना दोष देऊन आपण मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. त्यांनी 1896-97 साली प्रसिद्ध केलेले दोन मोठे खंड पाहिले, तर आज भिंतीवरून नाहीशी झालेली कितीतरी चित्रे त्यांत सापडतात. नक्कल करणाऱ्याने अस्सलाला थोडे दुखवले आणि अस्सलाची आठवणही त्यानेच राखली. हिशेब सोपा नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्री आल्या. 1909 ते 1911 च्या दोन हिवाळ्यांत त्यांनी नंदलाल बोस, असितकुमार हळदार अशा तरुण बंगाली चित्रकारांना आणि हैदराबादच्या सय्यद अहमद यांना बरोबर घेऊन नकला केल्या. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होता. 1914 साली हैदराबाद संस्थानाने आपले पुराणवस्तू खाते उघडले आणि गुलाम यझदानी यांच्याकडे ते सोपविले. या गृहस्थांचे नाव आपल्याकडे असायला हवे तेवढ्या लोकांना ठाऊक नाही. चित्रांचा गिलावा जागोजागी भिंतीपासून सुटला होता, पोकळ झाला होता. बोटाने ठोकले तर डब्यासारखा आवाज यावा असा. यझदानींच्या खात्याने ठरविले, की जगात या कामाचे जे उत्तम जाणकार असतील त्यांना बोलवायचे. इटलीतून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी आले. 1920 ते 1922 या काळात त्यांनी काम केले.

त्यांचे अर्धे काम असे आहे की त्याला हात जोडावेत. सुटलेल्या गिलाव्याच्या मागे त्यांनी चिकटद्रव्य सोडून तो पुन्हा दगडाला धरविला आणि फुटक्या कडांना पक्की किनार बांधली. हे झाले नसते, तर आज आपण ज्या पद्मपाणीसमोर उभे राहतो, त्याच्या भोवतालचे किती उरले असते कोणास ठाऊक. दुसरे अर्धे काम म्हणजे चित्रांवर दिलेला लाखेचा हात. लाख म्हणजे आपली चपडा लाख. सुतार ती स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश करतो तीच. ताजी असताना ती काचेसारखी चमकते. चित्रे पुन्हा जिवंत झाली, असे तेव्हा पाहणाऱ्यांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही. पण आजोबांच्या काळातले पॉलिश केलेले कपाट घरात असेल तर पाहा. लाकूड नव्हे, पॉलिशच तपकिरी झालेले असते. अजिंठ्याला तेच झाले. लाख पिवळी पडली, मग तपकिरी झाली. निळा रंग हिरवट दिसू लागला, पांढरा मातकट. एवढ्यावर थांबते तर ठीक. वाळताना लाख आक्रसते; आणि ती आक्रसली की खालचा नाजूक रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो. कागदावर डिंक थापून तो उन्हात ठेवा, कागद कसा वळतो ते मुलांना लगेच कळेल.

इटलीच्या जाणकारांना हे कळत नव्हते काय? मला वाटते, ते आपल्या देशातल्या भिंती ओळखत होते. तिथली हवा वेगळी, गिलावा वेगळा. आपल्या चार महिन्यांच्या पावसात दमट होणारी आणि वैशाखात खडखडीत वाळणारी मातीची भिंत त्यांच्या अनुभवाबाहेरची होती. वैद्य चांगला होता, पण रोगी त्याच्या ओळखीचा नव्हता. आणि जे औषध दिले ते मागे घेता येईल की नाही, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारीत नसे.

पुढे 1953 साली अजिंठा भारत सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला. तेव्हापासून या खात्याच्या रसायनतज्ज्ञांचे एक मोठे काम म्हणजे आधीच्यांनी लावलेले काढणे. मध्यंतरी खात्यानेही चित्रांना धरून ठेवण्यासाठी एक कृत्रिम राळ वापरली होती. पुढे तिचेही थर काढावे लागले, हे सांगितलेच पाहिजे. काम कसे चालते? आधी कोपऱ्यातला बोटभर तुकडा निवडायचा. कोणता द्रव लाख विरघळवतो आणि रंगाला धक्का लावत नाही, हे तिथे तपासायचे. मग कापसाच्या बोळ्याने, हात न घासता, लाख मऊ करून उचलायची. लाखेखाली काजळी, काजळीखाली धूळ. एका चित्राला महिने लागतात. 1999 नंतर राजदेव सिंह या रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली नवव्या-दहाव्या लेण्यांत असे काम झाले, आणि काळ्या ठिक्कर पडलेल्या भिंतींतून इसवी सनापूर्वीची माणसे, हत्ती, झाडे पुन्हा वर आली. भारतात उरलेल्या अशा प्रकारच्या चित्रांत ती सर्वांत जुन्यांपैकी आहेत.

आणि एक गोष्ट ते करीत नाहीत, ती तुमच्या लक्षात आली असेल तर उत्तम. जिथे चित्र गेले आहे तिथे नवे चित्र काढीत नाहीत. ती जागा साध्या, मातकट रंगाची ठेवतात. पुष्कळ प्रवासी यावर नाराज असतात. "एवढे चांगले चित्रकार आपल्याकडे आहेत, नाक तेवढे पुरे केले असते तर काय बिघडले असते?" असे माझ्या एका विद्यार्थ्याने मला तिथेच विचारले होते. बिघडते ते असे: जुन्या दस्तऐवजात एक ओळ वाळवीने खाल्ली, आणि तलाठ्याने आपल्या मनाने ती भरून काढली, तर तो दस्तऐवज कोर्टात चालेल काय? उरलेल्या खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

चित्रांचे बाकीचे वैरी मात्र अजून आहेतच. डोंगराच्या भेगांतून पावसाचे पाणी झिरपते. त्यासाठी वरून चर काढून ते वळवावे लागते आणि भेगा बुजवाव्या लागतात. गिलाव्यातले तूस आणि गवत किड्यांना खाद्य होते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, आणि तिथे किड्यांचा उपद्रव कमी दिसला. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. शिवाय आपण आहोतच. बंद लेण्यात शंभर माणसे उभी राहिली की त्यांच्या श्वासाची वाफ आणि अंगाची ऊब थेट भिंतीला लागते. म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, कॅमेऱ्याचा झगझगाट करू देत नाहीत, आणि गाड्या चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या बाजूला थांबवतात. बाहेर ताटकळत उभे राहावे लागले तर रखवालदारावर रागावू नका.

आता गावाकडे वळू. मराठवाड्यातल्या एका गावी मी एक यादवकालीन देऊळ पाहिले. काळ्या दगडाचे, वर सुरेख वेलपत्ती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला आतून-बाहेरून तैलरंग दिला होता. खांब गुलाबी, कीर्तिमुखे हिरवी. वर्गणी देणाऱ्यांची श्रद्धा खरी होती, याबद्दल मला शंका नाही. चेक्कोनींचीही खरीच होती. पण दगडात ओल असते, ती बाहेर पडायला वाट लागते. रंगाच्या कातड्याखाली ती कोंडली, की क्षार फुगतात आणि दगडाचा पापुद्रा रंगासकट निखळतो. सिमेंटचेही तेच. जुने बांधकाम चुन्याचे. चुना भिजवून, घाणीत बैलांकडून मळून, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालून तो करीत. तो दगडापेक्षा मऊ असतो, आणि मऊ असणे हाच त्याचा गुण. ताण आला तर चुना फुटतो, दगड वाचतो. सिमेंट दगडापेक्षा हट्टी, तेव्हा फुटतो तो दगड. रंग काढण्यासाठी वाळूचा फवारा मारणारे कंत्राटदार हल्ली गावोगाव फिरतात. त्यांना वेशीवरच नमस्कार करावा. रंग जाईल, पण वेलपत्तीची धारही जाईल, आणि ती परत आणणारा कारागीर कोणत्याच कंत्राटात नसतो. देऊळ सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेले असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्यावाचून त्याला हात लावणे कायद्याविरुद्ध आहे. नसेल तरी विचारायला कोणी बंदी केलेली नाही.

वेशीबाहेरचे वीरगळ आणि सतीशिळा यांचीही तीच गत. पायरीला, धुण्याच्या दगडाला त्या लावलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना काही लावायची गरज नाही. चिखलातून उचलून, सावलीत, चार बोटे उंच ओट्यावर ठेवल्या आणि कोणत्या शेतात, कोणत्या बांधावर सापडल्या ते वहीत लिहून ठेवले, तरी पुष्कळ. नांगरताना ताम्रपट किंवा नाणी लागली तर सोनाराकडे नेऊ नका. जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा 1878 सालापासूनचा कायदा आहे.

आणि कागद. मराठ्यांच्या इतिहासाचा पहिला खंड राजवाड्यांनी 1898 साली छापला तो वाईला सापडलेल्या कागदांवरून. त्यानंतर त्यांचे आयुष्य गावोगावची दप्तरे धुंडाळण्यात गेले आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्यांनी सगळे धुंडाळले असे मानू नका. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांचा रुमाल अजूनही निघतो. निघाला तर त्याला उन्हात घालू नये, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, आणि हौसेने प्लास्टिकमध्ये बंद करून तर मुळीच घेऊ नये. चिकटपट्टीचा गोंद दहा-पंधरा वर्षांत पिवळा होऊन शाई खातो, आणि प्लास्टिक चिकटले की ते कागद फाटल्याशिवाय निघत नाही. मऊ कुंच्याने धूळ झाडावी, स्वच्छ सुती कापडात बांधावा, जवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवावी, जागा कोरडी असावी. मोबाइलवर प्रत्येक पानाचे दिवसाच्या उजेडात छायाचित्र घेऊन ठेवावे. बाकीचे, मोडी वाचणारा येईपर्यंत, तसेच राहू द्यावे.